शार्दूलचा राहिलेला डोस

घरातल्या सगळ्यांच्या तपासणीत माझ्या नाकात जो जंतू सापडला, तोच शार्दूलच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडला. मी ठणठणीत आणि माझा तान्हा भाऊ अतिदक्षता विभागात (जिवावर बेतलेल्या रुग्णांच्या खोलीत). असं कसं? मी वॉर्डातल्या धनू नावाच्या यंत्रमानवाला विचारलं. शेजारी आजोबा बसले होते. ते शास्त्रज्ञ आहेत, मंगळावरच्या मातीत जंतू शोधतात.

"हा न्यूमोकोकस," धनू म्हणाला. "पुष्कळ मुलांच्या नाकात तो गुपचूप राहतो. त्याच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. ती साखर बाळांच्या पहारेकरी पेशींना नीट ओळखता येत नाही. मग कधीतरी तो रक्तात घुसतो आणि तिथून मेंदूच्या आवरणात. हाच आक्रमक संसर्ग (जंतू एरवी जिथे नसतात तिथे त्यांनी शिरणं)."

"मग मी कशी वाचले?"

"लसीत ती साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. पेशी प्रथिन चटकन ओळखतात आणि सोबतची साखरही लक्षात ठेवतात. मग प्रतिपिंडं (जंतूला चिकटून त्याला पकडून देणारे रेणू) तयार होतात. पण एका डोसाने बाळाच्या पेशींचा धडा पक्का होत नाही. तुझे सगळे डोस झालेत. शार्दूलचा एकच."

एकच! मला आठवलं. पहिल्या डोसानंतर त्याला ताप आला होता. दुसऱ्याच्या वेळी घरात जावळाची गडबड. पाहुण्यांसमोर पोर किरकिरायला नको, असं आत्या म्हणाली आणि चक्क आजोबांनी मान डोलावली. "जावळ होऊन जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले. जावळ झालं, पंगती उठल्या आणि नंतर कुणीही बघितलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आजोबा, तुम्हाला तर हे सगळं माहीत होतं ना?"

"होतं गं. आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी लस घेतलीये, आपल्या बाळाला काय होतंय, असं वाटलं."

शार्दूल वाचला. पण या आजारात कान जाऊ शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तपासणीच्या दिवशी आईने मागून हाक मारली. मग आणखी मोठ्याने. तो मजेत पायाचा अंगठा चोखत राहिला. आई रडली. मी आजोबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कानात यंत्र बसवता येईल," धनू म्हणाला. "ते आवाजाचे संकेत थेट मज्जातंतूला देतं. ऐकायला मात्र त्याला शिकावं लागेल. आणि त्याआधी राहिलेली लस."

नर्सताई सुई घेऊन आल्या. आजोबांनी शार्दूलला मांडीवर घट्ट धरलं. सुई टोचताच त्याने टाहो फोडला. तो सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला, फक्त त्याला नाही.