उंबऱ्याबाहेरची बोली

महामहम कुंडाच्या काठावर, दगडी मंडपात नंदिता हात लांब करून उभी होती. हातात रेकॉर्डर. ऐप्पशी या तमिळ महिन्यातला रोजचा संध्याकाळचा पाऊस पाण्यावर टपटपत होता आणि तिला तेवढाच हवा होता, नुसता पाऊस, माणसाच्या आवाजाशिवाय. बिचारी श्वाससुद्धा बेतानं घेत होती. नेमका तेव्हाच एक उंच तरुण धावत मंडपात शिरला आणि त्यानं अंगातला प्लास्टिकचा रेनकोट असा काही फडफडवला की विचारू नका.

"झालं," नंदिता म्हणाली. "गेला माझा पाऊस."

"कुठे गेला? पडतोय की."

"मी रेकॉर्ड करत होते. आता त्यात तुमचा रेनकोट आला."

"मग राहू द्या की. पावसात रेनकोट नाही तर काय, शालजोडी येणार?"

हे सगळं तमिळमध्ये, बरं का. कुंभकोणमात दोन अनोळखी माणसं दुसऱ्या कशात बोलणार? पण राग आला की नंदिताच्या तोंडी घरची मराठी यायची. मान फिरवून ती पुटपुटली, "मेला दिसायला बरा आहे म्हणून सोडलें. नाहीतर ह्याच कुंडांत बुडविला असता."

तो एकदम पाण्याकडे बघायला लागला. कान लाल झाले होते. गारठला असेल, असं नंदिताला वाटलं... आणि उगीचच तिला त्याची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी ती रेडिओ केंद्रावर गेली, तर काचेपलीकडे, यंत्रांपुढे, तोच बसलेला. नवा तंत्रज्ञ. नाव शंकरनारायण. इकडे आडनाव कोणी लावत नाही, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लावलं की भागतं. त्यामुळे नावावरून माणसाच्या घरात काय बोलतात, ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

केंद्र म्हणजे गावातल्या एका संस्थेनं चालवलेल्या दोन खोल्या आणि गच्चीवरचा मनोरा. आवाज जेमतेम आसपासच्या खेड्यांत पोचायचा. भातावरची कीड, लहान मुलांची गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी, सगळं तमिळमध्ये. फक्त रविवारी सकाळी अर्धा तास नंदिताचा, आणि तो मराठीत. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आलेली घरं अजून इथे आहेत, विठोबाला मानतात, आणि बोलतात अशी मराठी की पुण्याचा माणूस विचारेल, बखरीतून उठून आलात का? विचारू दे. बोलणाऱ्यांनी कुठे त्याची परवानगी मागितली होती?

पण ही मराठी उंबऱ्याच्या आतली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. नंदिताचे वडील मुकुंदराव मोठ्या बाजारपेठेत कॉफीची पूड दळून विकत, आणि दुकानात पोटच्या पोरीशीही तमिळच बोलत. भीती-बिती काही नव्हती हो. रीत होती. "चार माणसांपुढे त्यांस कळणार नाही असें बोलूं नये, बाळ. त्यांना वाटतें, आपल्याविषयीच बोलतात," असं ते घरी सांगत. पिढ्यान् पिढ्या सगळे इतके सभ्य की शेजारच्या दुकानात आपलाच माणूस बसलाय, हे कोणाला ठाऊक नसे.

नंदिता मात्र सभ्य नव्हती. निदान काचेपुढे तरी नाही. पाहुण्यांशी बोलता बोलता, मध्ये गाणं लागलं की ती बिनधास्त काचेकडे बोट दाखवी. आवाज पलीकडे जाई, पण मराठी कळणार कोणाला? "तो लांबडा बघा, आत्या. हसला की बरा दिसतो, पण हसायला जणू कर पडतो." विशालाक्षी आत्या, म्हणजे मुकुंदरावांची थोरली बहीण, चष्मा सावरून बघत आणि म्हणत, "नाक सरळ आहे. जातीचा कोण?" "तमिळ असेल. आपल्याला काय करायचें?" असं म्हणून नंदिता लाजायची... आणि काचेपलीकडे शंकरनारायण यंत्रावरची धूळ पुसायचा. कमालीची धूळ असे त्या यंत्रावर.

बाहेर तमिळमध्ये दोघांची जुंपलेलीच.

"आज उच्चार फार घाईत गेले," तो म्हणे.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही. पण घाई कळते."

"मग तुम्ही काय, घाईचे पंडित?"

"नाही. वाट बघण्याचा आहे," तो म्हणे, आणि तिच्यापुढे कॉफीचा पितळी पेला सरकवी. कॉफी तिच्या बापाच्या दुकानाइतकी चांगली नसे. तरी ती शेवटच्या थेंबापर्यंत पीत असे, आणि का ते स्वतःला विचारत नसे.

मग तो सोमवार आला. केंद्राचे प्रमुख कृष्णमूर्ती, भला माणूस, सगळ्यांना बसवून म्हणाले, "नंदिता, तुझ्या कार्यक्रमाला एकही फोन येत नाही. कोणी ऐकत नसेल तर ती वेळ मी विणकरांना देतो. दुसरं म्हणजे, आपल्या केंद्रावरून जे जातं त्याला मी जबाबदार. तू काय बोलतेस ते इथे एकालाही कळत नाही. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय सांगू? कळतं का कोणाला?"

शंकरनारायणनं मान खाली घातली.

"हा रविवार शेवटचा समज," कृष्णमूर्ती म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण म्हणाले.

नंदिता उठली ती थेट हेडफोन घेऊन बसली. रडायचं नव्हतं तिला, काम करायचं होतं. शेवटच्या कार्यक्रमासाठी आत्यांची गोष्ट होती. मरुदानल्लूरला भजनात रंगून आत्यांचे यजमान स्वतःच्याच साखरपुड्याला यायचे विसरले, ती. आत्यांनी सांगताना दहा फाटे फोडले होते आणि लांबी कमी करायला तिनं ते रेकॉर्डिंग शंकरनारायणकडे दिलं होतं. दर वेळी ती सांगे, इथून तिथून कापा. या वेळी सांगायचं राहून गेलं होतं.

ती ऐकायला लागली. "...कडी वाजली. मी दार उघडलें..." इथे आत्या भाचीच्या मूतखड्यावर घसरल्या होत्या, ते नंदिताला पक्कं आठवत होतं. पण कानात आलं, "...तों पुढें हेच उभे, गळ्यांत टाळ." मूतखडा गायब. पुढे भाडेकरूंचं भांडण गायब. आणि जिथे आत्या लाजून थांबल्या होत्या, ती शांतता मात्र जशीच्या तशी ठेवलेली.

नंदितानं तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. भाषा न कळणारा माणूस श्वास बघून कापतो, वाक्य मध्येच तुटतं. हे कापणाऱ्याला मूतखडा कळला होता. लाजही कळली होती.

म्हणजे... नाक सरळ आहे. हसला की बरा दिसतो. कुंडात बुडविला असता! एकेक आठवत गेलं तसा तिचा चेहरा तापत गेला. आधी लाज, मग संताप. ती काचेपलीकडच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"तुम्हांस मराठी येतें," ती मराठीत म्हणाली.

तो उभा राहिला. मग तमिळमध्ये, हळूच, "कळतं."

"मी दिसायला बरा म्हटलें, तेंही कळलें?"

"ते... जरा जास्तच कळलं."

"हसूं नका. साहेबांनी विचारलें तेव्हां जीभ कोठें होती?"

त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तिरुप्पनंदाळला आमचं एकच घर मराठी. आई गेली, आणि घरातलंही बोलणं संपलं. वडील तमिळमध्येच गप्प बसायला लागले. एकदा गच्चीवर रेडिओ फिरवताना तुमचा आवाज लागला. आईसारखं 'जेवलें का' म्हणत होतात कोणाला तरी. मग दर रविवारी गच्ची. इथे जागा निघाली तेव्हा अर्ज केला तो पगार न बघता. पण नंदिता, बाहेर मी ती भाषा कधी बोललोच नाही. तोंड उघडतो आणि आवाज येत नाही."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. खरंच वाटला. पण ती चिडली होती, आणि चूक तिची नव्हती.

"चोरून ऐकायला धाडस लागत नाही," ती म्हणाली. "मला चोरून ऐकणारा नको. बोलणार असाल तर या. नसाल तर तुमची कॉफीही नको."

रविवारी कृष्णमूर्ती काचेपलीकडे येऊन बसले, तर नंदिता केंद्रावर नाहीच! फोनवरून थेट प्रसारणाची जोडणी घेऊन ती मोठ्या बाजारपेठेत, बापाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. शेजारच्या वेलचीवाल्याच्या फळीवर रेडिओ लावलेला, तिनंच आवाज वाढवून घेतलेला. दुकानापुढे ताज्या पुडीसाठी रांग.

"ऐका हो," ती मराठीत, भर रस्त्यात, खणखणीत आवाजात म्हणाली. "आज कार्यक्रम घरांतून नाही, बाजारांतून. आम्ही ह्या गावचे. कावेरीचें पाणी पितों, ह्या मातींत मरतों, आणि बोलायला मात्र दार लावून घेतों. कशासाठीं? मी आज दार उघडून बोलतें आहे. अप्पा, तुम्ही बोला. ही तुमची लेक विचारते. जेवलें का?"

तिनं फोन मुकुंदरावांपुढे धरला. दळणयंत्र थांबलं. गिऱ्हाइकं बघायला लागली. मुकुंदरावांचे ओठ हलले आणि मिटले. साऱ्या जन्माची सभ्यता अशी एका सकाळी सुटते का? रेडिओवर शांतता पसरली. केंद्राचा नियम होता, शांतता पडली की गाणं सोडायचं, आणि ते काम शंकरनारायणचं. नंदितानं डोळे मिटून घेतले. आता गाणं येईल आणि सगळं संपेल.

गाणं आलं नाही. रेडिओत कोणीतरी घसा खाकरला.

"नंदिता..." आवाज मराठी होता, अडखळत, गंजलेल्या कडीसारखा. "मी जेवलों नाही. रात्रींपासून पोटांत कांही जात नाही. मी शंकरनारायण. तिरुप्पनंदाळच्या शांताबाईचा मुलगा. तुला ऐकतां ऐकतां... मजला तूं आवडूं लागलीस. ही भाषा आवडते म्हणून तूं नव्हे. तूं भांडतेस म्हणून. मी भित्रा होतों. आतां सगळें गाव ऐकतें आहे, तर ऐकूं दे. माझ्याशीं लग्न करशील काय?"

सगळं गाव ऐकत होतं खरं, पण कळणार कोणाला? नंदितानं डोळे उघडले आणि पाहत राहिली.

रांगेतला बँकेचा कॅशियर गर्रकन मागे वळला होता. समोरच्या फुलवालीनं तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. औषधाच्या दुकानातला म्हातारा मालक गल्ला उघडा टाकून फळीपर्यंत आला होता, कान रेडिओला लावून. वर्षानुवर्षं एकमेकांशी तमिळमध्ये दरभाव करणारी ही माणसं आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. तुम्हीपण? अहो, तुम्हीपण? बाकीची गिऱ्हाइकं विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला तो?

फुलवालीनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "उत्तर दे की गे, पोरी," ती मराठीत म्हणाली. "किती वेळ लटकविशील त्याला?"

"थांबा, बाई," मुकुंदराव गरजले. भर दुकानात, सगळ्यांपुढे, मराठीत. "बाप जिवंत आहे अजून." त्यांनी लेकीच्या हातून फोन घेतला. "कोण रे तूं? उपाशी पोटीं मुलगी मागतोस? आधीं येऊन जेव. मग बोलूं."

रेडिओत मागून कृष्णमूर्तींचा गोंधळलेला तमिळ आवाज ऐकू आला. "अरे, हा केंद्राचा फोन वाजायचा का थांबत नाही? सगळे मराठीतच बोलतायत. काय सांगितलंस तू त्यांना?"

नंदितानं बापाच्या हातून फोन परत घेतला.

"साहेबांना सांग," ती म्हणाली, "पुढच्या रविवारीं विणकरांना दुसरी वेळ द्यावी लागेल. आणि तुझ्या प्रश्नाचें उत्तर हो आहे. हें तमिळमध्येंही सांग त्यांना. सगळ्यांना कळूं दे."