येळवशीचा तांब्या

दार लोटून घे रे सिद्धलिंगा, वारा झोंबायलाय. भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? ही भुताची हाय का न्हाई, ते मला आजवर कळलं न्हाई. पण बसवराज माझा सख्खा मावसभाऊ, अन् तो थापा मारणारा माणूस नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालचा हिवाळा. आपल्या मुखेडकडं पावसानं पार तोंड फिरवलं होतं. बसवराज फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचा. लातुरात नवा स्टुडिओ निघाला, त्यांना मागं लावायला डोंगर अन् तळं पाहिजे होतं. इथं प्यायला पाणी न्हाई, अन् फोटोत तळं. हौसेला मोल नसतं म्हणा.

येळवशीला, म्हंजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळा गाव आंबील घेऊन शेतात गेला. बसवराजला शेत नव्हतं. तो कागद अन् रंग घेऊन गावामागच्या डोंगरावर गेला, बघून चित्र काढायला. दिवस कलेस्तोवर डोंगर झाला. तळं राहिलं, अन् बघतो तर पाण्याची बाटली लवंडून रिकामी.

जवळच, डोंगरावरच्या एका रानात, नवी समाधी होती. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला त्याच्याच रानात पुरतात, अन् येळवशीला तिथं त्याला प्यायला पाण्याचा तांब्या ठेवतात. हे त्याला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण चित्रात जीव अडकलेला माणूस. म्हणाला, ब्रश बुडवल्यानं काय होतंय? बुडवला. परत बुडवला. तळं झालं, अन् तांब्यातलं पाणी निळं झालं.

ती समाधी कमलम्माची होती. उन्हाळ्यात ती आटलेल्या विहिरीत उतरली, झरा वाटीनं भरून घ्यायला. वरून दरड कोसळली. मरेस्तोवर आतून पाणीच मागत होती म्हणतात.

बसवराज दिवेलागणीला घरी आला, तर त्याची सहा वर्षांची महादेवी पाणी पीत सुटली होती. तांब्यावर तांब्या. अंगात ताप न्हाई, पण ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. प्याली की परत हात पुढं. सणाचा दिवस, दवाखान्याला कुलूप. शेजाऱ्यांनी आपापल्यातलं ओतलं, तेही सरलं. टँकर परवा येणार होता. घरात शेवटचा एक तांब्या राहिला.

त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, कंदील जवळ धरून पोरीचं तोंड उघडलं.

जीभ निळी होती.

बसवराजनं तो शेवटचा तांब्या उचलला. गौरम्मा दारात आडवी आली.

"पोरीच्या तोंडचं काढून कुणाला द्यायला चाललाव?"

"जिचं घेतलो, तिला."

मागून पोर म्हणाली, "पाणी..."

गौरम्मा बाजूला झाली. बाप होता हो तो. ते पाणी हातात धरून पोरीकडं पाठ करताना त्याचं काय झालं असल, मला आजही सांगवत न्हाई.

अवसेची रात्र. एका हातात कंदील, एका हातात तांब्या. सांडू नये म्हणून पळता येईना. डोंगर चढला. समाधीवरचा तांब्या कोरडा पडला होता. तळाला निळा डाग. त्यानं आपलं पाणी मातीवर ओतलं.

माती भिजली न्हाई.

आवाज आला. घोट घेतल्याचा. एक... मग अजून एक...

मग खालून, लई हळू...

"अजून."

त्यानं तांब्या उलटा करून दाखवला. म्हणाला, "न्हाई गं माय. आमच्यात एवढंच होतं."

काही न्हाई. वारासुद्धा न्हाई.

डोंगर कसा उतरला, त्याला आठवत नव्हतं. घरात आवाज नव्हता. गौरम्मा पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेली. त्याला वाटलं, संपलं. पोरीच्या नाकाशी हात धरायची हिंमत होईना.

गौरम्मा म्हणाली, "निजली. आता मागत न्हाई."

महादेवी आज देगलूरला नांदतीय. दर येळवशीला आधी त्या डोंगरावर तांब्या ठेवती, मग आंबील तोंडाला लावती. बसवराजनं मरेस्तोवर परत पाणी काढलं न्हाई चित्रात.

ते चित्र माझ्याकडं हाय. फळीवरून काढ, सिद्धलिंगा. डोंगरावरून हात फिरव. खडखडीत वाळलाय ना? आता तळ्याला बोट लाव...

...

चाळीस वर्षं झाली, वाळंना.

बोट धू आधी. तोंडात घालू नको.