गाठ बाहेरच्या बाजूला

पडद्यामागे गिऱ्हाईक उभं आहे, हे सुई पार विसरून गेली होती.

सुई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. अंगानं बारीक, बोलायला टोकदार, म्हणून आत्यानं लहानपणीच तिला सुई केली आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कपडे दुरुस्तीचं दुकान आत्याचं. दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, एक उभा आरसा आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा ओढलेली जागा. दुकानामागेच दोघींचं घर. सुईचा हात असा बसलेला, की गिऱ्हाइकं सत्तावीस वर्षांच्या त्या मुलीलाच ‘मास्तर’ म्हणायची. आत्याला ते आवडायचं नाही, पण अभिमानही वाटायचा. आत्याचं असंच असे.

मघाशी एक उंच माणूस आला होता. नव्या पँटची लांबी कमी करायची म्हणून ती घालून बघायला तो पडद्यामागे गेला, आणि जाताना अंगातला कोट टेबलावर ठेवून गेला. करड्या रंगाचा, जुना, डाव्या कोपरावर झिजून भोक पडलेला.

ते भोक बघितलं आणि सुईचा बांध फुटला.

“हे बघ आत्या! ह्याला म्हणतात कोपर! माणूस कोट घालतो, टेकतो, उठतो, बसतो, मग तो इथे झिजतो. एवढं साधं त्या लोकांना कळू नये?”

“कुठल्या लोकांना?” आत्यानं मशीनच्या बॉबिनवर दोरा भरता भरता विचारलं. “अजून त्या खेळाचंच चाललंय का तुझं?”

“नऊ वर्षं वाट बघितली मी! नऊ!”

खेळ म्हणजे ‘अखेरचा बुरुज’ हा व्हिडिओ गेम. जुन्या काळातली लढाई, वेढा पडलेला किल्ला आणि त्याचा एकटा रखवालदार. पहिला भाग आला तेव्हा सुई चौदा वर्षांची होती, दुसरा आला तेव्हा अठराची. आणि तिसरा आला गेल्या शुक्रवारी. तिनं दुकानाला दोन दिवस दांडी मारली, आत्याची बोलणी खाल्ली, आणि रविवारी संध्याकाळी कंट्रोलर असा काही ठेवला की आत्याला वाटलं कोणीतरी गेलं.

“रखवालदार आता नाकतोड्यासारखा उड्या मारतो. बरं, मार बाबा. पण त्याचा कोट? नवा कोरा! वेढा पडून सहा महिने झालेत, खायला दाणा नाही, आणि हा वरातीला निघाल्यासारखा चकाचक! पहिल्या दोन भागांत तो लढाई संपली की शेकोटीपाशी बसायचा आणि स्वतःच्या हातानं कोपराला ठिगळ लावायचा. कसं लावायचा माहितीय? गाठ बाहेरच्या बाजूला! आणि दोरा कापायचाच नाही, शेपूट तसंच लोंबतं. वाऱ्यावर हलायचं ते. जगात असं शिवणारा एकच येडा असेल. पण मला… मला तो बघूनच सुई हातात घ्यावीशी वाटली होती. ते ठिगळच काढून टाकलं मेल्यांनी. ज्यानं हे केलं ना, तो समोर आला तर त्याचीच बाही उसवीन!”

पडद्यामागे काहीतरी धडपडलं.

सुईनं जीभ चावली. पडदा बाजूला झाला. उंच माणूस एका पायात गुंडाळलेल्या पँटनिशी उभा होता. कानाच्या पाळ्या लाल.

“कोट… खरंच एवढा वाईट झालाय?” त्यानं विचारलं.

“तुमचा? नाही हो, तुमचा फक्त कोपराला गेलाय.”

“नाही… त्याचा. रखवालदाराचा.”

सुईनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळे झोप नसल्यासारखे, पण हसरे. “तुम्ही खेळता?”

“थोडंफार,” तो म्हणाला आणि आरशाकडे बघायला लागला. आरशात मात्र तो स्वतःकडे बघत नव्हता.

ती खडू घेऊन त्याच्या पायाशी बसली. “हलू नका. वेडीवाकडी खूण झाली तर माझं नाव जाईल.”

“हलत नाही, मास्तर.”

“श्वास घेतला तरी चालेल.”

“विचारूनच घेईन म्हटलं.”

आत्या बॉबिनकडे बघत होती, पण कान इकडेच होते.

पँट बुधवारी मिळाली. शुक्रवारी तो पुन्हा हजर. कोपर दुरुस्त होऊन मिळालेल्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. सुईनं त्याचं नाव ‘कोटवाले’ पाडलं आणि त्यानं ते बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं. त्या दिवशी इस्त्रीची वाफ दुकानभर पसरली होती आणि दोघं दुसऱ्या भागातल्या उत्तरेच्या दरवाजावर अर्धा तास बोलत होते. मंगळवारी दुसरं बटण. त्या दिवशी सुईनं त्याला कंपनीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं, चार पानी.

“‘तुमच्या शिंप्याला कोपर कुठे असतं ते दाखवायला मी फुकट येईन’… हे जरा जास्त होतंय का?”

“नाही,” तो खाली बघत म्हणाला. “हे बरोबर आहे. पाठवा.”

“तुम्हाला काय झालं? चेहरा का पडला?”

“काही नाही. ते… दोऱ्याच्या शेपटाचं लिहिलंय का?”

“पूर्ण एक पान!”

तो हसला. पण मध्येच थांबला… जसं काही बोलायचं होतं आणि ओठांपाशी येऊन परत फिरलं. सुईला ते दिसलं. तिनं त्याचा वेगळाच अर्थ लावला आणि त्या दिवशी दोन पँटींना उलटी टीप मारली.

शनिवारी तो तिसरं बटण घेऊन आला, तेव्हा मात्र आत्या उठली. तिनं कोट हातात घेतला, चष्मा वर केला आणि बटणाच्या जागी राहिलेली दोऱ्याची टोकं बघितली.

“काय हो कोटवाले, तुटलेला दोरा विस्कटलेला असतो. हा सरळ कापलाय. कात्रीनं.”



“घरात उंदीर आहेत,” तो म्हणाला.

“उंदराला कात्री चालवता येते का?”

सुई हसून हसून टेबलाला टेकली. मग सुई-दोरा त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, “कापलंत ना? मग लावा आता. आमच्यासमोर. शिक्षा समजा.”

त्यानं कोट मांडीवर घेतला. दोरा ओवायला चार वेळा चुकला. पाचव्यांदा ओवला. मान तिरपी करून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून, तो अगदी मन लावून शिवत होता. सुई त्याच्या बोटांकडे बघत होती. लांब बोटं होती, शाईचा डाग लागलेली.

“झालं,” तो म्हणाला आणि वरच्या बाजूला गाठ मारली.

“अहो, गाठ आत घ्यायची असते, बाहेर नाही. आणि दोरा काप…”

ती थांबली.

बटणाशेजारी गाठ बाहेर बसली होती. दोन वेढे दिलेली, जराशी तिरकी. आणि दोऱ्याचं बोटभर शेपूट पंख्याच्या वाऱ्यावर हलत होतं. हे शेपूट तिनं शेकडो वेळा बघितलं होतं. चौदा वर्षांची असताना. अठरा वर्षांची असताना.

“तुम्ही,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “ते ठिगळ तुमचं होतं.”

त्यानं मान हलवली. “मी त्या कंपनीत कपडे काढतो. म्हणजे चित्रात. पहिल्या भागाच्या वेळी मी कामाला नवीनच लागलो होतो. रखवालदार कसा शिवेल कळेना, म्हणून घरी स्वतःच्या सदऱ्याला ठिगळ लावून बघितलं आणि तसंच काढलं.”

“आणि नवा कोट?”

त्यानं बटणाचं शेपूट बोटाला गुंडाळलं.

“मी विचारतेय, चकाचक कोट कोणी काढला?”

“…मीच.”

आत्या हळूच मागच्या खोलीत निघून गेली. तिला कधी जायचं ते कळायचं, ते शहाणपण तिनं फारसं वापरलं नाही एवढंच.

“मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, हिरो फाटका दिसतो, नवीन लोकांना आवडणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘हो.’ एवढंच. भांडायला एक मिनिट पुरलं असतं, पण मी ‘हो’ म्हणालो. त्या दिवशी पडद्यामागे तुमचं बोलणं ऐकलं आणि… तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“दोन आठवडे!” सुईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “दोन आठवडे मी तुमच्याच तोंडावर तुम्हाला शिव्या दिल्या, आणि तुम्ही बटणं कापत बसलात! तिथेही गप्प, इथेही गप्प. रखवालदारानं एकट्यानं किल्ला राखला, आणि तुमच्यानं एक ठिगळ राखवेना?”

त्याला ते लागलं. चांगलंच लागलं.

“बटण नीट लावायचं राहिलंय. कोट गुरुवारी मिळेल,” ती म्हणाली. “कोट. बाकी काही मिळणार नाही.”

गुरुवार आला आणि गेला. पुढचाही गेला. कोट खिळ्यावर लोंबत राहिला. सुई येणाऱ्या जाणाऱ्यावर डाफरत होती. एका बाईनं ब्लाउज सैल झाला म्हटलं, तर तिला म्हणाली, “मग जरा जाड व्हा.” आत्यानं कपाळाला हात लावला. दार वाजलं की सुई वर बघायची आणि पोस्टमन दिसला की त्याच्यावर डोळे वटारायची. बिचारा पोस्टमन.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो आला. अंगात नुसता सदरा. दाढी वाढलेली.

“कोट न्यायला आलो नाही,” तो दारातूनच म्हणाला, जणू पाठ करून आला होता. “पाच मिनिटं खेळ लावता का? आज सकाळी अपडेट आलंय.”

“मी तो खेळ पुसून टाकलाय.”

“काही पुसलेला नाही,” आतून आत्या ओरडली. “रोज लावते आणि रोज रडते.”

मागच्या खोलीत तिघं टीव्हीसमोर बसले. सुईनं कंट्रोलर घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. लढाई झाली. रखवालदारानं आपल्या त्या नाकतोड्याच्या उड्या मारल्या. आणि मग… तो शेकोटीपाशी बसला. खरंच बसला. झोळीतून सुई-दोरा काढला. कोट आता मळका होता, आणि कोपराला ठिगळ होतं.

सुईनं कंट्रोलर खाली ठेवला.

“साहेबांनी दोनदा नाही म्हटलं,” तो हळू आवाजात सांगत होता. “तिसऱ्यांदा मी तुमच्या पत्राची चारही पानं मीटिंगमध्ये उभ्यानं वाचली. कोपराच्या वाक्याला सगळे हसले. मग साहेबही. उड्यांचं काही करता आलं नाही… पण एवढं केलं.”

सुई पुढे सरकली. टीव्हीला जवळजवळ नाक लावून तिनं ठिगळ बघितलं. टाके सरळ, एकसारखे. कुठे काही लोंबत नव्हतं.

“शेपूट कुठाय?”

“काय?”

“गाठ! गाठ कुठाय?”

“आत घेतली,” तो अभिमानानं म्हणाला. “तुम्हीच सांगितलंत ना, आत घ्यायची असते. मी आठवडाभर सराव केला. घरातले सगळे रुमाल…”

“अहो येडे!” सुई ओरडली आणि हसायलाच लागली. डोळे पुसत, पोट धरून. “त्या चुकीसाठी मी तेरा वर्षं जीव टाकलाय! तीच तेवढी सुधारलीत?”

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. “म्हणजे… परत मीटिंगमध्ये उभं राहू?”

“राहा!”

“आणि साहेबांना काय सांगू? गाठ बाहेर का?”

सुईनं तोंड उघडलं. तेवढ्यात आत्यानं दुकानातून खिळ्यावरचा कोट आणून त्याच्या मांडीवर टाकला.

“हे बघा आणि सांगा. हिनं अख्खा कोट उसवून नवा केलाय. अस्तर बदललं, काजं बदलली, सगळी बटणं नव्यानं लावली. ते तुमचं शेपटीवालं बटण तेवढं राहिलंय. मी काढायला गेले तर माझा हात झटकला कारटीनं.”

त्यानं कोट उलगडला. तिसरं बटण. तिरकी गाठ बाहेरच्या बाजूला, आणि बोटभर शेपूट तसंच.

“आत्या!” सुई कानापर्यंत लाल झाली.

“मी चहा टाकते,” आत्या म्हणाली. “सावकाश.”

टीव्हीवर रखवालदार शेकोटीपाशी शिवत बसला होता. त्याला काही घाई नव्हती. मग कोटवाल्यानं आपला कोट अंगात घातला आणि ते बटण लावलं, अगदी जपून.

“मास्तर… हे असंच राहू देऊ?”

सुईनं हात पुढे केला. ते लोंबतं शेपूट दोन बोटांत धरलं आणि जरासं ओढून बघितलं. घट्ट होतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “आणि ऐक, मला मास्तर गिऱ्हाइकं म्हणतात. तू सुई म्हण.”