महाशीरांची कावड

मासे डोंगरावर चढवायला तिघं निघाले होते! आंजी गावात ज्यानं ऐकलं तो पोट धरून हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो किराणा दुकानवाला भूपेंद्र. तरी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, उजाडायच्या आत, माशांची कावड त्याच्याच खांद्यावर होती. मामेबहिणीपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं.

मामेबहीण म्हणजे हर्षा, वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. तिचे वडील बंडूजी, शेतकरी माणूस. डोंगराच्या पायथ्याशी नाल्यात एक देवडोह होता आणि तिथल्या महाशीर माशांना दर सोमवारी कणकेच्या गोळ्या घालायचा मान बंडूजींच्या घराण्याचा. त्या डोहात गळ टाकायची कुणाची छाती नव्हती. बंडूजींच्या लहानपणी हे मासे खाली धाम नदीतही दिसायचे. पण ते थंड पाण्याचे जीव. उन्हाळे लांबत गेले, पाणी तापत गेलं. नदीतले संपले, मग नाल्यातले संपले. उरले ते देवडोहात, आणि यंदा तो डोहही गुडघाभर झाला होता. पाण्यात हात घातला तर अंघोळीला काढल्यासारखं गरम!

हर्षाचं म्हणणं सरळ होतं. मासा वर वर सरकत आला आहे आणि अजूनही सरकला असता, पण डोहाच्या वर नाला कोरडा ठणठणीत. माथ्याजवळच्या घळीत मात्र बारमाही झऱ्याचं कुंड आहे, खोल आणि सावलीतलं. मधली कोरडी वाट माशांना चालता येत नाही, ती आपण चालायची. वनखात्याची परवानगी तिनं खेटे घालघालून मिळवली होती.

मासे धरायला जाळंसुद्धा लागलं नाही. बंडूजींनी पाण्यात उतरून ओंजळ धरली की वीतभर लांबीचे ते सोनेरी मासे आपणहून हातात येत होते. डझनभरच उरले होते. सगळे दोन निळ्या कॅनमध्ये मावले. भूपेंद्रला ते बघवेना. पळा रे, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

पहिला तास मजेत गेला. सागाची पानं झडून सगळं रान उघडं पडलं होतं आणि पायाखाली पाचोळा इतका वाजत होता की आपण चोर आहोत असं भूपेंद्रला वाटावं. पुढे हर्षा, मध्ये कावड, मागे पिण्याच्या पाण्याचा डबा पाठीला बांधून बंडूजी. कॅनमध्ये हवा सोडणारे बॅटरीचे छोटे पंप घुरघुरत होते. कावड अदलाबदल करताना भूपेंद्रनं हर्षाला विचारलंही, की माशांना पुढच्या वर्षी महाबळेश्वरला न्यायचं का. ती हसली नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, म्हणाली.

आणि मग धूर दिसला. वणवा! ओळखीची पायवाट जिथे वळत होती तिथेच आगीची ओळ सरसरत खाली येत होती. वारा फिरला. ठिणग्या डोक्यावरून गेल्या. "पळा!" तिघंही आडवे पळाले, कावड हिंदकळत. दक्षिणेच्या उघड्या चढावर पोचले तेव्हाच थांबले. या बाजूनं हर्षा कधी चढली नव्हती. कुंड वरच आहे एवढं तिला ठाऊक होतं. किती दूर, ते नाही.

तिथे तिनं कॅनचं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. पाणी गढूळ झालं होतं, वर फेस आला होता, मासे तोंडं वर करून धापा टाकत होते. निघण्याआधी दोन दिवस त्यांना काही घालायचं नाही, हे तिनं वडिलांना दहादा बजावलं होतं. पोट भरलेला मासा प्रवासात स्वतःचंच पाणी नासवतो.

"बाबा, त्याईले खाऊ घातलं तुमी?"

बंडूजींनी मान खाली घातली. "काल सांजीले घातलं थोडंसं. घरून जानाऱ्याले उपाशी धाडते का कोनी, बाई?"

यावर रागवायचं तरी कसं? तिनं नासलेलं पाणी निम्मं ओतून टाकलं. बंडूजींनी पाठीवरचा डबा सोडला आणि तिघांचं पिण्याचं पाणी दोन्ही कॅनमध्ये ओतलं. आपण काय, वर गेल्यावर पिऊ, म्हणाले. मासे पुन्हा खाली जाऊन पोहू लागले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

दुपार चढली. दगड तव्यासारखे तापले. एका घसरड्या उतरणीवर भूपेंद्रचा पाय निसटला! कावड फिरली, एक कॅन खडकावर आपटून फुटला. तापल्या दगडांवर मासे तडफडू लागले. तिघांनी झडप घातली. हात भाजले. सापडले तेवढे दुसऱ्या कॅनमध्ये टाकले. बाकीचे फटींत गेले ते गेले. भूपेंद्रला तोंड वर करवेना.

थोड्या वेळानं बंडूजी घरच्या बैलांना हाका मारू लागले. बैल विकून कित्येक वर्षं झाली होती. मग ते गुडघ्यांवर बसले आणि आडवे झाले. अंग कोरडं, भट्टीसारखं गरम, घामाचा टिपूस नाही. उष्माघात! फोनला रेंज नव्हती. सावली म्हणावी असं झाड नव्हतं. पाणी होतं ते फक्त माशांच्या कॅनमध्ये.

हर्षा झाकणावर हात ठेवून नुसतीच उभी राहिली. बंडूजींना तेवढं मात्र कळलं.

"नोको," ते पुटपुटले. "थे पानी त्याईचं हाय."

"वत, दादा," हर्षा म्हणाली.

भूपेंद्रनं ओतलं. डोक्यावर, मानेवर, छातीवर. निम्मं ओतून तो थांबला, पण अंग पाणी पिऊन टाकत होतं आणि ताप हटत नव्हता. हर्षानं मानेनंच ओत म्हणून खुणावलं. त्यानं उरलेलंही ओतलं. पाण्याबरोबर मासे बंडूजींच्या छातीवर पडले. तिनं ते कॅनच्या तळाशी राहिलेल्या दोन बोटं पाण्यात गोळा केले, वर पदर धरला. एकेक करून ते आडवे होत गेले. शेवटचा निपचित पडला तेव्हाच बंडूजींनी डोळे उघडले.

दोघांनी त्यांना खांद्यांवर घेतलं आणि सावली शोधत कड्याला वळसा घातला. समोरच घळ होती. घळीत कुंड होतं. इतकं जवळ! हाक मारली असती तर इथे ऐकू आली असती.

बंडूजींना पाण्याकाठी निजवलं, थोडं थोडं पाणी पाजलं. पुन्हा अंगाला घाम फुटला. ते जगणार होते. कुंड खोल होतं, काठच्या उंबराची सावली त्यावर पडली होती आणि तळाचा प्रत्येक खडा दिसत होता. आत काहीही हलत नव्हतं. खालच्या डोहातही आता एक मासा नव्हता. तो यांनीच रिकामा केला होता. भूपेंद्रला आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती.

बंडूजींनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"तू म्हनत होती तसंच हाय, पोरी," ते म्हणाले. "थंड हाय."

मग हर्षा रडायला लागली.