डाव्या हाताचा खांब

भंडाऱ्यात खाजगी गुप्तहेराकडे येतं कोण? हरवलेली म्हैस शोधणारे, नाहीतर पळालेला जावई शोधणारे. म्हणून १९८१ च्या डिसेंबरात रुखमा नावाच्या बाईने "शाळेचा खांब चोरीले गेला जी" असं सांगितलं, तेव्हा ऑफिसातले मदतनीस पुंडलिकराव यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"खांब? विजेचा का?"

"दाराच्या चौकटीचा. बेलटोल्याची जुनी शाळा पाडून राहिले. चौकट काढून पडवीत ठेवली होती, तिचा डाव्या हाताचा खांब चार दिसांआधी राती गेला. फाटकाची चावी माह्या मालकाजवळ, मंग चोर बी तेच! केवळराम, शाळेचे चपराशी. कामावरून घरी बसवलं त्याह्यले. पेन्शनीले वर्स बी राहिलं नाई." रुखमा रडली नाही. "ते जेवत नाईत जी. भिंतीकडे तोंड करून बसते."

आनंदराव गजभिये खुर्चीवरून उठले. पोलीस खात्यातली नोकरी सोडून त्यांनी ही खोली भाड्याने घेतली होती. ऑफिस तेच आणि घरही तेच. स्वयंपाक एकट्याचा, आणि तोही आठवण झाली तर.

"पण कारध्याचा निरोप आहे," पुंडलिकराव म्हणाले. "तुमच्या मायचा. आज रविवारी याच म्हणून."

"पुढच्या रविवारी. स्कूटर काढा."

पुंडलिकराव हा माणूस सोन्यासारखा, लँब्रेटाही झकास चालवी. डोकं मात्र तिच्यासारखंच. दोन-तीन लाथांशिवाय सुरू होत नसे.

आंबागडच्या डोंगराखाली बेलटोला. धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या, माणूस दिसेना. जुन्या शाळेच्या छपराची कवेलू उतरलेली होती. पडवीत चौकटीचा उजवा खांब, वरची जाडजूड तुळई आणि दाराचे दोन्ही पल्ले पडले होते. धुळीत बैलगाडीची चाकोरी नव्हती, काही ओढत नेल्याची रेघही नव्हती.

आनंदराव शाळेला वळसा घालून मागे गेले. आवाराची मागची भिंत मजुरांनी जमीनदोस्त केली होती. पलीकडे एकच झोपडं, आणि तिथवर पायवाट.

परत येऊन पाहतात तो पुंडलिकराव स्कूटरची सीट पुसत होते. हातात हिरव्या लुगड्याची चिंधी, पिळून गोल वेटोळं केलेली.

"कुठे मिळाली?"

"त्या पाडलेल्या भिंतीच्या दगडावर. छान पुसली जाते हो!"

"पुरे झाली पुसून," म्हणत आनंदरावांनी ती खिशात टाकली.

हेडमास्तर टेकचंद बिसेन रविवार असूनही सडकेवरच्या नव्या सिमेंटच्या शाळेतून आले. इस्त्रीचा शर्ट, आणि घाई.

"दोघातिघांचं काम आहे साहेब. सागाचा खांब एकटा माणूस नेतो का? केवळरामने फाटक उघडून दिलं असणार."

"मागची भिंत कधी पाडली?"

"त्याच दिवशी, संध्याकाळी. का?"

"सहज. शाळा जुनी दिसते."

"आधी मारुतीच्या देवळात भरायची. मग गावाने श्रमदानातून ही बांधली, डोंगरावरून साग आणला. तेव्हाचे गुरुजी मोठे हौशी. दरवर्षी प्रत्येक लेकराला चौकटीशी उभं करायचे आणि उंचीची खाच कोरायचे. डावीकडे पोरं, उजवीकडे पोरी. प्रत्येकाची खूण वेगळी. कोणाचा मासा, कोणाचं पान, म्हणजे आईबापांना वाचता आलं नाही तरी आपलं लेकरू सापडावं." बिसेन हसले. "आता कोणाला वेळ आहे?"

लाकडाचा ठेकेदार भैय्यालाल बिडी ओढत बसला होता. जुन्या शाळेचं सारं लाकूड लिलावात त्याने घेतलं होतं. प्रश्न ऐकताच तो उसळला.

"मी काहून चोरीन माहाच माल? अन् चोर बी काय अडानी हाये बाप्पा! तुळई सोडली, पल्ले सोडले, नेला कोनता, त खाचायनं भरलेला खांब. रंदा मारता मारता अर्धं लाकूड जाईन त्याचं!"

मग दोघे पायवाटेने त्या झोपड्याकडे गेले. धुरपता नावाची म्हातारी तिथे एकटीच राहत होती. दोघांना येताना पाहून ती अशी लगबगीने उठली की पुंडलिकराव ओशाळलेच. तिने बाज टाकली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

"चहापत्ती नाई जी. कोनी येत नाई, मंग आनू कायले?"

दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. एका टोकाला फाटकं. अंगणात वालाचा मांडव, शेंगांनी लगडलेला. त्याच्या तीन बारीक बल्ल्यांना वेल आपणहून गुंडाळत वर चढला होता. चौथ्या जाड खांबाला तो सुतळीने बांधलेला होता, आणि त्या खांबाला छातीपर्यंत पोतं गुंडाळलं होतं.

"वाह, काय वाल आलाय!" पुंडलिकराव म्हणाले.

"आजी, त्या राती काही ऐकलं का?" आनंदरावांनी विचारलं.

"नाई बाबू." तिने नजर खाली घातली. मग एकदम विचारलं, "केवळरामले बरं नाई का? घंटी दुसराच कोनी बडवते. त्याचा हात मोठा सावकाश."

पुंडलिकराव सांगायला तोंड उघडतात तोच आनंदरावांनी त्यांचा गुडघा दाबला.

दुपारी जुन्या शाळेच्या पडवीत आनंदरावांनी बिसेन, भैय्यालाल, रुखमा आणि केवळरामला बोलावलं. केवळराम लांबच उभा राहिला. दाढी वाढलेली, मान खाली.

"किल्लीचं आधी बोलू," आनंदराव म्हणाले. "मागची भिंतच नव्हती, तर फाटकाची किल्ली कशाला हवी? गुरुजी, तुम्ही फाटकाशी उभं राहून चोर ठरवलात. मागे जाऊन पाहिलं नाहीत."

बिसेनांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"लाकडाच्या लोभाने चोरी झाली असती तर तुळई गेली असती. भैय्यालालने स्वतःच सांगितलं, सगळ्यात भिकार लाकूड नेलं. म्हणजे चोराला लाकूड नको होतं. खाचा हव्या होत्या, त्याही पोरांच्या."

"पण नेला कसा?" पुंडलिकरावांनी विचारलं. "गाडी नाही, रेघ नाही."

आनंदरावांनी खिशातलं हिरवं वेटोळं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "तुम्ही सीट पुसलीत ती चुंबळ आहे. डोक्यावर ओझं घेताना बायका खाली ठेवतात. माझ्या मायने कारध्याहून नदी ओलांडून भंडाऱ्यात मोळ्या विकल्या. एक खांब म्हणजे तिची निम्मी मोळी. तुम्ही सगळे दोन गडी शोधत बसलात. बाईच्या डोक्यावर काय काय जातं, ते कोणी बघितलंच नाही."

रुखमाने तोंडावर पदर घेतला. "धुरपतामावशी?"

"लुगडं तिच्या दोरीवर आहे, चिंधी फाडलेलं. खांब तिच्या मांडवात आहे. जुन्या बल्ल्यांना वेल आपणहून चढला. ह्याला बांधावा लागला, कारण खांब चारच दिवसांपूर्वी आला. आता एकच सांगा. गावातली बाकीची पोरं वाढली, बाप झाली. त्यांच्या उंचीची खूण कोणाला लागते? जिचं पोर त्या खुणेपाशीच राहिलं, तिला."

"मनिराम," केवळराम पहिल्यांदाच बोलला. "माह्याच वर्गात होता. तापानं गेला. फोटो बी नव्हता त्याचा."

"पण मावशीनं याह्यले चोर होऊ देल्लं!" रुखमा संतापली. "तोंड उघडाले काय झालं होतं?"

आनंदराव धुरपताच्या अंगणाकडे चालू लागले, आणि बाकीचे मागे.

एवढी माणसं बघून धुरपता उभीच राहिली. आनंदरावांनी हळू आवाजात सांगितलं, की खांबापायी केवळरामची नोकरी गेली आहे.

"केवळरामची?" ती म्हणाली. "कई? मले त कोनी सांगतलंच नाई. माह्या घरी येते कोन, सांगाले?"

रुखमाचा राग गेला कुठे कोण जाणे. धुरपता लगेच मांडवाशी जाऊन सुतळी सोडू लागली. पोतं गळून पडलं. खाली खाचाच खाचा होत्या, आणि तिच्या छातीशी एका खाचेशेजारी कोरलेला लहानसा मासा, मनिरामचा.

"न्या. त्याच्या लेकरायच्या तोंडचा घास गेला माह्यापायी. न्या आताच."

भैय्यालालने बिडी फेकली. "सोडू नको, बुढे. मांडव पडन. त्या खांबाचं मले काईच करता येत नाई, सांगतलो ना? राहू दे इथंच."

बिसेन म्हणाले, "केवळराम, उद्यापासून कामावर ये. मी वर लिहून कळवतो. चूक माझी झाली."

केवळराम मांडवाखाली वाकून आला. "मावशी, मले म्हनलं असतं त म्याच आनून देल्ला असता वं."

"तू रोज दारावरून जाये, बाबू," धुरपता म्हणाली. "थांबला कई?"

केवळराम बाजेवर बसला आणि रुखमाला म्हणाला, "घरून चहापत्ती आन."

परतीच्या वाटेवर वरठी गाव आल्यावर पुंडलिकरावांनी विचारलं, "सोडू का खोलीवर?"

"नाही," आनंदराव म्हणाले. "पूल ओलांडून कारध्याला घ्या. आज रविवार आहे."