दाराकडे तोंड केलेली खुर्ची

शहराच्या टोकाला असलेल्या त्या घरी कानाच्या बाई गेल्या होत्या फक्त एक खुर्ची बघायला. दुपारचे तीन वाजले होते. दवाखान्याला सुट्टी होती, आणि चहाच्या वेळेपर्यंत परत येते असं मास्तरांना सांगून त्या निघाल्या होत्या.

कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचं त्यांचं काम, म्हणून त्या कानाच्या बाई. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. भूमिती शिकवून निवृत्त झालेले, पण भिंतीवरचं चित्र कणभर वाकडं दिसलं तरी अजून जेवणातून उठायचे. बाईंना वेड एकच, जुन्या डॅनिश फर्निचरचं. सत्तर वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या सुतारांनी घडवलेलं, सागवानी, बारीक पायांचं. कोरीवकाम नाही, दिमाख नाही, पण पाठीखालून बोट फिरवलं तरी कुठे सांधा लागायचा नाही. वीस वर्षं त्या असल्या वस्तू हुडकत होत्या.

"आमच्या घरात माणसं दोन आणि खुर्च्या तेवीस," मास्तर आल्यागेल्याला सांगत. "कुठल्या खुर्चीवर बसायची परवानगी नाही ते लक्षात राहत नाही, म्हणून मी आपला उभाच असतो."

त्या घरातलं सामान बरंचसं निघून गेलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन उरले होते. बंद घराचा कोंदट वास, आणि त्यात मिसळलेला लाकडाच्या तेलाचा वास बाईंच्या ओळखीचा होता. बैठकीच्या खोलीत एकटी खुर्ची उभी होती, दाराकडे तोंड करून. पलीकडे चाळिशीची एक बाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ज्यांचं हे घर, त्यांची ती भाची.

बाईंनी खुर्ची उलटी केली. खाली कारखान्याचा डागलेला शिक्का होता. हात जिथे संपतात तिथे लाकूड असं वळवलं होतं, की तळवा आपोआप तिथे विसावावा. उजव्या हाताचं टोक घासून घासून काळपट झालं होतं. कागदाला पीळ देऊन केलेल्या दोरीची ती विणलेली बैठक मात्र चमत्कारिक होती. पुढच्या कडेला दोऱ्या झिजून तुटल्या होत्या आणि मागचा भाग अगदी कोरा होता. पाठीवरही टेकल्याची खूण नव्हती. बसणारं माणूस कधी निवांत बसलंच नव्हतं. सदैव कडेवर, उठायच्या तयारीत.

"मावशीची खुर्ची," भाची म्हणाली. "तिथेच बसायची. मुलाची वाट बघत. माझा मावसभाऊ. भांडून गेला होता."

बाईंनी पुढे विचारलं नाही.

"तुमच्याकडे कोण कोण असतं?" भाचीने विचारलं.

"आम्ही दोघंच."

"मूलबाळ?"

"लेक आहे. दूर असते."

"येते का?"

"चार वर्षांत नाही आली."

भाचीचा हात वर्तमानपत्रावर थांबला. ती क्षणभर खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्या मग."

लेकीचं काय झालं होतं, ते बाई कुणाला सांगत नसत. नोकरीसाठी ती परगावी गेली आणि तीन महिन्यांनी सुट्टीवर आली, तर तिच्या खोलीत सहा खुर्च्या, एक लांबट कपाट आणि दोन टेबलं. तिचा पलंग बाईंनी कुणाला तरी देऊन टाकला होता. "रिकामी होती ना खोली," त्या सहज बोलून गेल्या. लेक त्याच दिवशी परत फिरली. "मी गेले आणि तुम्हाला जागा झाली," एवढंच बोलून. त्यानंतर फोन यायचा तो सणावाराला पाहुण्यांचा यावा तसा. कशा आहात, बरी आहे, ठेवते.

खुर्चीची बैठक विणायला बाईंना दोन रविवार लागले. जुनी दोरी कापून काढली, नवी भिजवून, लाकडी पाचरीने ठोकत ठोकत ओळीला ओळ लावली. मग खुर्ची पुस्तकांच्या कपाटाजवळ ठेवली, खिडकीकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी कामावरून आल्या तर खुर्ची दाराकडे वळलेली.

मास्तरांनी केलं असणार, त्यांना वाटलं. म्हातारपणी माणसाला लेक आठवते, तोंडाने बोलवत नाही, म्हणून दुपारी बसत असतील दाराकडे बघत. बाईंना भरून आलं. त्यांनी काही न बोलता खुर्ची पुन्हा खिडकीकडे केली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. कधी स्वयंपाकघरात असताना बाहेरून बारीक आवाज यायचा. कर्र... विणलेल्या दोरीवरून माणूस उठताना येतो तसा. पण बाईंना आवाजांचा भरवसा नव्हता. तपासणीच्या बंद खोलीत लोकांना त्या एक बटण देत, आवाज आला की दाबा म्हणून. काहीच वाजत नसताना दाबणारी माणसं त्यांनी हजारोंनी पाहिली होती. लोक खोटं बोलत नसत. कान देऊन इतका वेळ वाट पाहिली, की शांततासुद्धा ऐकू यायला लागते.

पंधरा दिवसांनी चहा पिताना मास्तरच म्हणाले, "तुझं बघवत नाही गं. मी काही बोलत नाही, पण रोज ती खुर्ची दाराकडे करून ठेवतेस..."

बाईंनी कप खाली ठेवला. "मी? अहो, मला वाटलं तुम्ही."

मग मास्तर उठले, आतून खडू आणला आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर वर्तुळं काढली. घराला कुलूप लावून दोघं कोपऱ्यापर्यंत चालून आले. वीस मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा चारही वर्तुळं रिकामी होती. ओढल्याची रेघ नव्हती. खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून उभी होती.

भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटली ती शरम. चार वर्षं एका घरात राहून दोघांनी जे एकमेकांना सांगितलं नव्हतं, ते एका खुर्चीने सांगून टाकलं होतं.

"फोन कर तिला," मास्तर म्हणाले.

बाईंनी केला. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरल्या. "तुझी खोली मोकळी करतेय," एवढंच म्हणाल्या. "पलंग आणतेय. साधा, दुकानातला. माझं चुकलं गं."

मग लेक म्हणाली, "रविवारी येते. चार दिवस."

ती आली त्या दिवसापासून खुर्ची जागची हलली नाही. चार दिवस घर बोलत होतं. लेक मुद्दाम प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसली आणि बाईंनी दात-ओठ न खाता ते बघितलं.

निघायच्या दिवशी सकाळी खुर्ची दाराला लागून उभी होती. पाठ दाराला, तोंड घरात.

"आई, हा काय निरोप समजायचा?" लेक हसली. मास्तरही हसले, पण त्यांनी बाईंकडे पाहिलं. दुपारपर्यंत लेक तापाने फणफणली. तीन दिवसांनी ताप उतरला, पुन्हा सामान भरलं. सकाळी खुर्ची पुन्हा दाराशी. तासाभरात लेक न्हाणीघरात घसरली आणि घोटा टम्म सुजला.

बाईंनी परसात जाऊन भाचीला फोन लावला.

"ती खुर्ची... परत घ्याल का?"

भाचीने उलट विचारलं, "लेक आली?"

"हो."

"आणि जायला निघाली होती."

"दोनदा."

"मावसभाऊसुद्धा आला होता शेवटी," भाची म्हणाली. आवाज खाली गेला होता. "दोन दिवसांसाठी म्हणून. अकरा वर्षं राहिला. आधी ताप, मग पाय, मग आणखी काही... मावशी त्याच्या दोन वर्षं आधी गेली. वाटलं, आता तरी निघेल. नाही निघाला. त्याच दारातून उचलून नेला त्याला आम्ही." ती थांबली. "मावशी वाईट नव्हती हो. तिने वाट फार बघितली, बस."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात, लेक येत नाही. म्हटलं, मग कुणाचं काय बिघडणार..."

"आता काय करू?"

"आजच पाठवा तिला. पाय सुजलेला असू दे. आणि राहा म्हणू नका... मनातसुद्धा नका म्हणू."

चार वर्षं ज्या एका गोष्टीसाठी जीव टाकला, ती गोष्ट आत पलंगावर पाय वर करून पडली होती. मनातून काढायची म्हणजे कुठून काढायची?

त्या लेकीच्या खोलीत गेल्या. "टॅक्सी बोलावलीय. आज निघ."

"मला पाय टेकवत नाहीये, आई."

"बाबा गाडीपर्यंत धरतील."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी पाहिलं होतं, अगदी तसंच. "परत जागा हवीय का खोलीत?"

बाईंच्या ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. एक शब्द बोलल्या असत्या तर पुढचा "राहा" असता.

बाहेर मास्तर खुर्ची ओढत होते. एका हाताने उचलावी इतकी हलकी वस्तू, पण तसूभर हलेना. बाईंनी जोर लावला, दोघांनी मिळून लावला. बाहेर टॅक्सी येऊन थांबल्याचा आवाज आला. मग बाईंनी मास्तरांना बाजूला केलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. कडेवर नाही, पार मागे सरकून, पाठ टेकून. मांड्यांखाली विणीचा गारवा लागला. उजवा तळवा आपसूक लाकडाच्या टोकावर गेला.

"मलाही ती हवीच आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. समोर रिकामी खोली होती. "पोटातून हवी आहे. पण तिचं घर तिकडे आहे आता... जाऊ दे तिला. दोघी मिळून जाऊ देऊ."

कर्र... असा एक आवाज झाला. बाई हलल्या नव्हत्या. त्या उठल्या, एका हाताने खुर्ची उचलली आणि बाजूला ठेवली. लेक मास्तरांच्या खांद्यावर भार देत बाहेर पडली. वळून पाहिलं नाही.

टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर बाई हत्यारांची पेटी घेऊन परसात बसल्या. स्वतः विणलेली बैठक त्यांनी सुरीने कापली. मग लाकडी हातोड्याने एकेक सांधा सोडवला. वीस वर्षांत त्यांनी कितीतरी खुर्च्या जोडल्या होत्या, मोडली ही पहिलीच. मास्तर पायरीवर बसून बघत होते. शेवटी पाय, हात, पाठ अशी लाकडं ओळीने मांडलेली राहिली, आणि ती नुसती लाकडं दिसत होती.

दिवेलागणीला लेकीचा फोन आला.

"पोचले."

"पाय कसा आहे?"

"गंमत म्हणजे सूज उतरली. वाटेतच." ती घुटमळली. "आई, मी रागावलेय असं समजू नकोस. गाडीत खूप विचार केला. मला कळतं, तुलाही मी जायला नको होते. नाहीतर रात्री तशी बोलली नसतीस."

"रात्री?"

"ताप होता तेव्हा. नंतरही. रोज उशाशी येऊन बसायचीस ना, कपाळावर हात ठेवून. किती गार हात तुझा. मला बरं वाटायचं, म्हणून मी डोळे उघडले नाहीत. आज टॅक्सीत डोळा लागला तरी तुझाच आवाज कानात होता. जाऊ नकोस, जाऊ नकोस..."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. लेकीचा ताप अंगाला लागेल म्हणून मास्तरांनी त्यांना रात्री त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. एकदाही नाही.

"आई, ऐकतेयस ना?"

"हो."

"एक मात्र कळलं नाही. तू मला 'आलास' का म्हणत होतीस? 'आलीस' नाही. 'आलास ना... आता आलास ना.'"

आतून मास्तरांनी विचारलं, "पोचली का गं?"

"पोचली," बाई म्हणाल्या, आणि फोन तसाच कानाला धरून उभ्या राहिल्या.