पासेओ संपेपर्यंत

वाळवीच्या औषधाचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते आणि मागचा माणूस माझ्या खांद्यावरून तो डबा वाचत होता. वाचत म्हणजे… डोळे बारीक करून, मान मागे घेऊन. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. जवळचं दिसेनासं झालेला माणूस मला लांबूनच ओळखता येतो.

"कपाटाला मारायचंय का?" त्यानं विचारलं.

"पियानोला."

"मग नका मारू. आतल्या हातोड्यांची लोकर खराब होते त्यानं." मग जरा थांबून, "तुम्ही वाजवता?"

"मी नाही. सध्या वाळवीच वाजवते."

तो हसला. हसण्याआधी खाली बघितलं, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखं.

त्याचं नाव एफ्राईन. गावातल्या पोराटोरांना पियानो शिकवायचा. शनिवारी तो आमच्या घरी आला आणि मावशीनं माझ्या गळ्यात मारलेल्या त्या पियानोच्या एकेका भोकात सुईनं औषध भरत बसला. काम झाल्यावर हात धुतले आणि सहज म्हणून चार सूर वाजवले. बाल्कनीत आईची झुलती खुर्ची थांबली. ती खुर्ची वीज गेली तरी थांबत नाही.

"मला शिकवाल?" मी विचारलं.

"आता?" बाल्कनीतून आवाज आला. "चव्वेचाळिसाव्या वर्षी?"

"दोन्या प्रोवी, माझे विद्यार्थी आठ वर्षांचे असतात," एफ्राईन आईला म्हणाला. "ते रडतात. या रडणार नाहीत, एवढा तरी फायदा."

दर मंगळवारी दुपारी शिकवणी ठरली. पहिल्याच दिवशी त्यानं बदकांचं गाणं काढलं. मी म्हटलं, बदकं नकोत. या वयात मी बदकं वाजवणार नाही.

"मग दान्सा," तो म्हणाला. "एकच, पण अख्खी. वर्ष सरलं की मी ओरलँडोला बहिणीकडे जाणार आहे, तिथल्या चर्चमध्ये वाजवायचं काम आहे. पण तुमची दान्सा पुरी झाल्याशिवाय नाही. विद्यार्थी अर्ध्यात टाकून मी जात नाही."

हे त्यानं सांगायला नको होतं.

दान्सा म्हणजे काय ते आम्हा पोन्सेकरांना सांगावं लागत नाही; आमच्या बेटावरचा जुना जोडीचा नाच, आणि त्याचं संगीतही. आधी पासेओ. जोडप्यानं हातात हात अडकवून दिवाणखानाभर नुसतं फिरायचं, बाईनं हातपंखा हलवायचा, हवापाण्याचं बोलायचं. पासेओ संपला की पुरुष वाकतो, आणि मग कुठे बाईला जवळ घेऊन नाच. पासेओ संपायच्या आत मिठी मारणारा माणूस पोन्सेत अजून जन्मायचाय.

पासेओच्या अगदी शेवटी एक काळी पट्टी आहे. पहिल्यांदा मी ती खरोखरच चुकले. एफ्राईननं माझं बोट हलकेच उचलून त्या पट्टीवर ठेवलं आणि… क्षणभर तसंच राहू दिलं. बोटांना साबणाचा वास होता. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा चुकले. तेव्हा जरा कमी प्रामाणिकपणे.

"मंगळवार सोडून सगळे दिवस बरोबर वाजवतेस," आई एकदा म्हणाली.

"आई, तू झोप."

"झोपलेच होते. बरोबर वाजलं म्हणून जाग आली."

असेच महिने गेले. मी त्याला नवा चष्मा करून दिला.

"आता जवळचं दिसतं?"

"दिसतं की." तो स्वरलिपीकडे बघत नव्हता.

"मग आधी काय दिसत होतं?"

"आधी… अंदाजानं चाललं होतं."

पासेओनंतरच्या भागातले डाव्या हाताचे सूर मी मागच्या मागे एकटीनं बसवले होते. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. जायचं नाही म्हणणारा माणूस पिशवी भरून ठेवतो ना, तसं काहीतरी. उजव्या हाताला मात्र मी शिवले नाही.

नाताळ आला, जानेवारीत तीन राजांचा सण झाला. मंगळवारी एफ्राईन आला तो कोट न काढताच उभा राहिला.

"बहिणीनं तिकीट काढलंय. महिनाअखेरचं."

"आणि माझी दान्सा?"

"तेच विचारतोय, इवेलीस. पासेओ कधी संपणार आपला?"

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. आणि मी काय म्हणावं? "बघू." चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि म्हणे बघू. त्यानं मान हलवली, चष्मा पुसला. त्या दिवशी मी चुकले तेव्हा त्यानं माझं बोट उचललं नाही.

त्याच रविवारी आईचा ऐंशीवा वाढदिवस होता. दिवाणखान्यात म्हाताऱ्यांची गर्दी, भाताचा आणि केळीच्या पानांचा वास, भाड्यानं आणलेला मोठा स्पीकर. एफ्राईनलाही आईनंच बोलावलं होतं. तो दाराशी खोबऱ्याच्या खिरीची वाटी घेऊन उभा होता, निरोप घ्यायला आल्यासारखा. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, स्पीकर मुका झाला.

"पियानोला वीज लागत नाही," आई म्हणाली. "इवेलीस, बस. चेगो, हात द्या."

शेजारच्या डॉन चेगोंनी हात दिला. बाकीच्यांनीही जोड्या जमवल्या. मी बसले आणि पासेओ सुरू केला. शेवटची काळी पट्टी आली… आणि बोट नेमकं तिच्यावरच पडलं. पासेओ संपला. पुढचा उजवा हात मला येत नव्हता. घाबरून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कुणी तक्रार केली नाही. पासेओ चालू आहे म्हणजे फिरायचं. सगळे पुन्हा फिरले. मग आणखी एकदा. बायकांचे हातपंखे जोरजोरात हलायला लागले, हवापाण्याचं बोलून संपलं.

"पोरी," डॉन चेगो धापा टाकत म्हणाले, "मिठीच्या आधीच मरेन गं मी."

"गप्प चाला," आई म्हणाली. "ती कुणाची तरी वाट बघतेय."

सगळी खोली ऐकत होती. मी मान वर केली नाही. खिरीची वाटी कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला आणि पियानोच्या बाकावर माझ्या उजव्या बाजूला एफ्राईन बसला.

"पुढचं येतं?" अगदी हळू.

"डावा हात येतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नव्या चष्म्यातून. "कधी शिकलात?"

"मंगळवार सोडून."

या वेळी काळ्या पट्टीनंतर मी थांबले नाही. माझा डावा हात चालू लागला, वर त्याचा उजवा हात गाऊ लागला. आमच्या मागे पुरुष वाकले, खुर्च्या सरकल्या, म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांना एकदाचं जवळ घेतलं.

आणि आमचे मधले दोन हात मोकळे होते. माझा उजवा, त्याचा डावा. माझा मांडीवर होता, आगंतुक पाहुण्यासारखा. मी तो थोडा सरकवला. फार नाही… बाकीचं अंतर त्याच्या हातानं कापलं.

"आज काळी पट्टी चुकली नाहीस," तो म्हणाला.

"आज लोक होते."

"पहिल्या महिन्यापासून माहितीये मला. इतकं नेमकं त्याच जागी कुणी चुकत नाही. माझी आठ वर्षांची पोरंसुद्धा."

"मग बोललात का नाही?"

"दान्सा संपली की जातो म्हणून बसलो होतो ना. मला कुठे घाई होती."

माझ्या डाव्या हाताचा ताल जरा ढळला. त्यानं सांभाळून घेतलं. मग जे त्या मंगळवारी म्हणायला हवं होतं ते मी म्हटलं.

"जाऊ नकोस."

मागे आई हसली की खोकली, कळलं नाही.

"बहिणीला काय सांगू?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"विद्यार्थिनी अर्ध्यात आहे म्हणून सांग."

"दान्सा तर संपत आली."

"उजव्या हाताला अजून काहीच येत नाही," मी म्हटलं.

त्यानं तो हात जरा घट्ट धरला, आणि पुढच्या ओळीला आम्ही पुन्हा सुरुवातीकडे वळलो.